आरशातलं अर्धं टेबल

२२ डिसेंबर, शुक्रवार

ही वही कोणी वाचू नये, बायकोनेही. गाइक इम, तू वाचत असशील तर खाली ठेव. गॅसवर काहीतरी करपत असेल.

आज थोरल्या आत्याकडे सगळे जमलो. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, आल्याच्या पाकातल्या तांदळाच्या गोळ्या. सात खाल्ल्या. आठवी घशात अडकली, कारण तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाने, किम हॉकने, तोंड उघडलं. म्हणे यंदा आपल्या चिनी नववर्षाच्या आदल्या संध्याकाळचं जेवण माझ्या फ्लॅटवर करूया, दादाच्या घरी मावत नाही.

मावत नाही! मागच्या वर्षी दोन पंगती झाल्या आणि त्याची मुलगी जिन्यावर बसून जेवली, एवढंच. जिन्यावर वारा चांगला लागतो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय सत्त्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की रागावते. ती जिथे बसेल तिथे आमचं सगळं घराणं बसतं. ती म्हणाली, "जिथे चौदाच्या चौदा जण एका टेबलावर बसतील, तिथे मी येईन."

म्हणजे माझ्याकडे नाही, असा सगळ्यांनी अर्थ काढला. काढू देत.

त्रेपन्न वर्षं हे जेवण जेलुटोंगच्या याच घरात होतंय. पूर्वजांचा देव्हारा याच हॉलमध्ये आहे. थोरला मुलगा मी आहे. आज जेवण गेलं की उद्या देव्हारा मागतील, मग मी उरलो कोण? पाण्याचे मीटर वाचणारा एक रिटायर माणूस.

जेवण इथेच होणार. ठरलं. खाली सही करतो म्हणजे मागे फिरता येणार नाही. यो किम सेंग.

२४ डिसेंबर

हॉल मोजला. रुंदी अकरा फूट आठ इंच. पुन्हा मोजला. अकरा फूट आठ इंच. हिला टेप धरायला लावून तिसऱ्यांदा मोजला. ही म्हणाली, टेपला कंटाळा आला असेल.

एका बाजूला बाजारात दुकान मांडणारी बाई राहते, दुसऱ्या बाजूला मिस्टर अरुलसामी. भिंत सरकवता येणार नाही.

२७ डिसेंबर, सकाळी १०

सापडलं!

कोपी, म्हणजे आमची इथली कॉफी, प्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मागच्या भिंतीला नवीन आरसे लावलेत, मला माहीत नव्हतं. मुतारीकडे निघालो तर समोरून एक टकला म्हातारा आला. मी डावीकडे सरकलो, तोही त्याच बाजूला. मी उजवीकडे, तोही. मी सॉरी म्हणालो. तोही म्हणाला. सभ्य माणूस वाटला. मग कपाळ आपटलं.

दुकानातले हसले. हसू देत बापडे. त्यांना यातलं मर्म कळलं नाही. मी एकतीस वर्षं मीटर वाचलेत. शेवाळ धरलेल्या काचेआडचा आकडा उभ्या उभ्या सांगणारी ही नजर. ती जर फसली, तर नातेवाइकांची काय कथा?

हॉलला आरसे लावायचे. दोन्ही भिंतींना, वरपासून खालपर्यंत.

२९ डिसेंबर

आठ आरसे मिळाले, एकेक पुरुषभर उंच. बंद पडलेल्या एका केशकर्तनालयाचे. भंगारवाल्या ओंगकडे पडून होते. काचेवर अक्षरं चिकटवलेली होती: कापणे, रंगवणे, पर्म, धुणे. ब्लेडने सगळी खरवडून काढली. एक कानामात्रा उरला नाही.

गाइक इमचा विरोध आहे. म्हणते जुन्या आरशात आधी बघून गेलेली माणसं राहतात. मी म्हणालो, राहिली तर राहू देत, केस तरी नीट कापलेले असतील. हसली नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली, विनोद अजून पोचत नाहीत.

२ जानेवारी, मंगळवार

ड्रिल आणलं. पहिलं भोक अगदी सरळ पडलं. फार सरळ पडलं. पाच मिनिटांनी मिस्टर अरुलसामी दारात. शाळामास्तर होते, आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणाले की आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून, नेमक्या एकादशीच्या चौकोनातून, काहीतरी बाहेर आलंय, ते तुमचं आहे का.

भिंती पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

६ जानेवारी

लागले! आठही!

हॉल दुप्पट झाला म्हणणं हा हॉलचा अपमान आहे. समोरासमोर आरसे, त्यामुळे आरशात आरसा, त्यात पुन्हा आरसा. हॉल आता थेट विमानतळापर्यंत गेलाय. मी मधोमध उभा राहिलो. दोन्हीकडे माझी रांग. एवढी माणसं एकमताने माझ्या बाजूची आहेत, हे आयुष्यात पहिल्यांदा घडतंय.

ही केरसुणी घेऊन आली, दोन्हीकडे बघितलं, केरसुणी माझ्या हातात देऊन आत गेली.

९ जानेवारी

रोज सकाळी सात वाजता एक साळुंकी खिडकीतून येते आणि आरशातल्या साळुंकीशी भांडते. हिला वाटतं हा अपशकुन. मला वाटतं पक्ष्यालासुद्धा इथे ऐसपैस वाटतंय.

काचेवर साळुंकीने केलेलं पुसलं. एका ठिकाणीच पुसावं लागलं, दिसत होतं चार ठिकाणी. म्हणजे कामातही बचत.

१३ जानेवारी, शनिवार

किम हॉक बघायला आला. दारातच थबकला. मी म्हटलं, काय, आता मावतील का चौदा?

बराच वेळ बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "छान दिसतंय दादा. पण आरशातल्या खुर्चीवर बसणार कोण?"

इंजिनिअर आहे. त्यांना असंच शिकवतात.

चहा न पिता गेला. म्हणजे मी दिला नाही.

१४ जानेवारी

खुर्चीचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही, हे फक्त या वहीत कबूल करतो. बाबांचं गोल टेबल सहा फुटांचं. मधोमध ठेवलं आणि भोवती खुर्च्या मांडल्या की मागून मुंगी जाणार नाही. आरशात कितीही मोठं दिसो.

विचार चालू आहे. मागे हटणार नाही.

१५ जानेवारी, सकाळी ६

अहाहा. दात घासताना सुचलं.

अर्धं टेबल भिंतीला लावायचं, तर उरलेलं अर्धं आरसा देतो! गोल पुरं होतं! म्हणजे डावीकडच्या भिंतीला अर्धं, उजवीकडच्या भिंतीला अर्धं, दोन्ही ठिकाणी गोल. सात जण इकडे, सात जण तिकडे. वर चिनी मातीच्या भांड्यांचा आख्खा संच आरशात मोफत. आणि पाठीमागे जाण्यायेण्याला रस्ता.

आत्याची अट काय? एक टेबल. टेबल एकच आहे. दोन ठिकाणी आहे, एवढंच.

त्यासाठी टेबल मधोमध कापावं लागेल.

२० जानेवारी, शनिवार

ही बहिणीकडे बटरवर्थला गेली, संध्याकाळी येणार. कापलं.

पाच तास लागले. जुनं सागवान, दोन पाती मोडली. बाबांचं आणि आत्याचं टेबल. बाबा नवीन नवीन कामाला लागले तेव्हा आत्याने लोकांचे कपडे शिवून हे घेतलं होतं असं सांगतात. कडेला बाबांच्या मनगटाने झिजलेली जागा आहे, तिथे लाकूड साबणासारखं गुळगुळीत झालंय. ती जागा वाचवून कापलं. ती डाव्या अर्ध्यात आली.

मधेच एकदा थांबलो. अर्ध्यापर्यंत कापून झालं होतं. अर्धवट कापलेलं टेबल कोणाच्याच कामाचं नाही, म्हणून पुढे कापलं.

भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकले, अर्धी टेबलं बसवली. आरशासमोर उभा राहिलो. काय सांगू! गोल! कंपासने काढल्यासारखं!

आत्याला वाईट वाटेल असं काही नाही. तिला दिसतच नाही.

२१ जानेवारी

ही काल परतली, ते लिहायचं राहिलं.

दारात चपला काढल्या, टेबलाकडे पाहिलं. मी आरशाकडे बोट दाखवलं. तिने आरशाकडे बघितलंच नाही. खाली बसली आणि जमिनीवरचा करवतीचा भुसा सुपलीत गोळा करायला लागली. मी म्हटलं राहू दे, मी काढतो. भुसा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि डबा आत नेला.

कालपासून बोलत नाहीये. जेवायला वाढते, पण ताट ठेवताना आवाज होतो.

बायकांना रचना कळायला वेळ लागतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज चुलीचा देव स्वर्गात जातो, वर्षभर घरात काय काय झालं ते तिथल्या राजाला सांगायला. त्याने चांगलंच सांगावं म्हणून चिकट गोड पोळीचा तुकडा त्याच्या चित्राच्या तोंडाला लावतात. हिने लावला. आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"स्वयंपाकघराच्या दारातून हॉलचा आरसा दिसतो. त्यात दुसरा चुलीचा देव आहे. त्याने टेबलाचं सांगितलं तर?"

मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी धोका कशाला पत्करायचा, म्हणून हॉलमध्ये जाऊन आरशातल्या देवाच्या तोंडावर काचेला एक तुकडा चिकटवला. मग लक्षात आलं की मी जरा डावीकडे सरकलो की देवही सरकतो. म्हणून तिथेही एक चिकटवला. मग आणखी तिथे. एकूण नऊ तुकडे झाले. कोणत्याही कोनातून बोलायची सोय ठेवली नाही.

ही स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. खांदे हलत होते. रडत असावी, किंवा उलट.

४ फेब्रुवारी

मुंग्या.

५ फेब्रुवारी

मुंग्या. आरशात दुप्पट दिसतात, त्यामुळे नेमक्या किती ते सांगता येत नाही.

गरम पाण्याने काच धुतली. पोळी निघाली, डाग राहिले. मिस्टर अरुलसामी सांगून गेले की ड्रिलच्या भोकातून मुंग्या त्यांच्या एकादशीत पोचल्यात. आवाज न चढवता.

७ फेब्रुवारी, बुधवार

आत्याला फोन केला. म्हणाली, "एकच टेबल आहे ना, सेंग?"

"एकच, आत्या. बाबांचंच."

"तुझ्या बाबांचं टेबल? त्यावर चौदा जण बसणार?"

"बसणार. मी व्यवस्था केली आहे."

मग म्हणाली, तर मग येते. त्या टेबलावर एकदा सगळे एकत्र बसलेले बघायचे आहेत. बघायचे म्हणजे काय, ऐकायचे.

जिंकलो! किम हॉकला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला बरं दादा. हिला सांगितलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

८ फेब्रुवारी

खरेदी. कोळंबी, मासळीच्या गोळ्या, भाज्या, बदक. टेबलावरच रस्सा उकळत ठेवायची दोन मोठी भांडी, प्रत्येक अर्ध्या टेबलावर एक. सगळ्यांनी उकळत्या रश्श्यात आपापलं बुडवायचं आणि खायचं, ही आमची पद्धत. आरसे व्हिनेगरने पुसले. काचेतून पलीकडचा हॉल इतका स्वच्छ दिसतो की मीच एकदा बदक घेऊन तिकडे निघालो होतो.

९ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी ४

सगळं तयार. लाल दिवे, देव्हाऱ्यात उदबत्त्या, बाबांच्या फोटोला हार. बाबांना म्हटलं, बघा, मावले सगळे. ते नेहमीसारखे बघत होते.

आज किम हॉकचं तोंड बघण्यासारखं होणार.

९ फेब्रुवारी, रात्री पावणेनऊ

घरात कोणी नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो. माझी चूक कुठे झाली ते सापडेल म्हणून लिहितो. चूक झाली असं मला म्हणायचं नाही.

सहाला सगळे आले. किम हॉकने आत्याला धरून आणलं. आत्या उंबऱ्यात थांबली. लाल दिवे, हॉलभर हालचाल, दोन्हीकडे लांबवर माणसंच माणसं. तिने हात जोडून त्या सगळ्या गर्दीला नमस्कार केला. गर्दीतल्या म्हाताऱ्यांनीही केला. मग मला हळूच म्हणाली, एवढे परके लोक कशाला बोलावलेस, आपली माणसं कुठे बसणार?

मी म्हटलं, सगळी आपलीच आहेत आत्या. तिला डाव्या अर्ध्याशी, बाबांच्या बाजूला बसवलं.

सगळे बसले. तेव्हा लक्षात आलं की सात जणांची तोंडं एका भिंतीकडे आणि सात जणांची दुसऱ्या भिंतीकडे. मधे पाठीला पाठ. किम हॉकच्या बायकोने आरशात स्वतःला घास चावताना बघितलं आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या. नातवंडं आरशात तोंडं वेडीवाकडी करायला लागली. आमच्या जावयाने मागे वळून किम हॉकला नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला हात पुढे केला, तो किम हॉकच्या आरशातल्या हाताकडे गेला.

हे सगळं चाललं असतं. लोकांना सवय होते.

मग दोन्ही भांडी उकळायला लागली. वाफ वर गेली. आधी आमच्या बाजूचा आरसा खालून पांढरा झाला, मग वरपर्यंत. मग समोरचा. दोन मिनिटांत विमानतळापर्यंत गेलेला हॉल परत आला. अकरा फूट आठ इंच. आणि त्या वाफेत, मी खरवडून काढलेल्या जागी, एकेक अक्षर उमटलं. बाबांच्या फोटोच्या अगदी बाजूला "रंगवणे". खाली "पर्म".

पोरं हसली. मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. ते जास्त वाईट वाटलं.

आत्याने विचारलं, "कुठे गेले सगळे?" आणि हात टेबलावर ठेवला. बाबांच्या मनगटाची ती झिजलेली जागा तिला लगेच सापडली. तिथे हात थोडा थांबला. मग हात कडेने पुढे सरकला, गोलावरून, हळूहळू, आणि सरळ कडेला येऊन थांबला. तिथून काचेला लागला. काच गार नव्हती, ओली होती.

"सेंग, याचं दुसरं अर्धं कुठे आहे?"

मी म्हटलं, "आहे आत्या. समोर आहे. वाफ गेली की दिसेल. पूर्ण गोल दिसतं."

"मला दिसत नाही. मी हाताने बघते."

मग ती त्या कापलेल्या कडेवर बोट फिरवत बसली. भांडी उकळत होती. म्हणाली, "हे मी आणि तुझ्या बाबांनी सायकलरिक्षावर आडवं धरून आणलं होतं. पूर्ण रस्ता तो म्हणत होता, ताई, कडेला ओरखडा जाऊ देऊ नकोस."

मी खूप मुद्दे मांडू शकलो असतो. एकही मांडला नाही.

आत्या उठली. रागावली नव्हती, तेच वाईट होतं. म्हणाली, चल किम हॉक, जिथे टेबल पूर्ण आहे तिथे जेवू. पोरं उपाशी आहेत.

तेरा जण गेले. कोळंबी गेली, बदक गेलं, भांडी गेली. मला सगळे चल म्हणत होते. किम हॉकने दोनदा हात धरला. मी म्हटलं मी माझ्या घरी जेवणार. दारापर्यंत ठामपणे सांगितलं. गाइक इम चपला घालताना म्हणाली की मी दोन दिवस स्वयंपाक केलाय, अन्न जाईल तिथे मी जाणार. आणि बाबांजवळ तू आहेसच.

गाड्या गेल्या. वाफ उतरली. टेबल पुन्हा गोल झालं.

शेल्फवर दुसऱ्या डब्यातली बिस्किटं होती. अर्ध्या टेबलावर बसून खाल्ली. समोर तो होता. तोही खात होता.

१० फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ८

नवीन वर्ष. आज केर काढायचा नाही, सुरी-करवत हातात धरायची नाही, कोणाला उलट बोलायचं नाही. करवतीचा नियम जानेवारीतही असायला हवा होता.

ही काल साडेदहाला आली. माझ्यासाठी बदकाची तंगडी आणली होती, पानात गुंडाळून. सांगत होती, छान जेवण झालं, फक्त आत्याने फार खाल्लं नाही. किम हॉकच्या काचेच्या टेबलावर हात फिरवून म्हणाली, हे गार आहे.

साडेनऊला आत्याकडे जायचंय. पहिल्या दिवशी मोठ्यांकडे दोन संत्री घेऊन जातात. काय बोलायचं ते हॉलमध्ये उभं राहून ठरवत होतो. दोन्ही भिंतींत मी. बरेच होतो, सगळ्यांच्या हातांत संत्री. आणि एकालाही आधी तोंड उघडायचं नव्हतं.

आधी म्हणून बघितलं, आत्या, तुम्ही सांगितलेली अट मी शब्दशः पाळली. सगळे म्हणाले. कोणावरच विश्वास बसला नाही.

मग म्हणालो, आत्या, मला वाटलं, जेवण गेलं की मी कोणीच नाही.

मग म्हणालो, सॉरी.

सगळे म्हणाले. शेवटपर्यंत, रांगेने.

गाइक इम देव्हाऱ्याजवळ उभी होती, कधी आली कळलं नाही. म्हणाली, "आत्याकडे आरसा नाही, सेंग. तिथे एकट्यालाच म्हणावं लागेल."

मग तिने माझ्या पिशवीत संत्र्यांच्या शेजारी बिस्किटांचा तो डबा ठेवला. भुसा डिंकात कालवला की जुनी चीर भरते, ही सुताराची मुलगी, हिला हे माहीत असतं. गल्लीतला सुतार नववर्षाच्या पाचव्या दिवशी दुकान उघडतो. आत्याला तेवढं सांग म्हणाली.

डबा हलवून बघितला. पूर्ण भरलेला होता.